एका सुपारीचं पाणी

वलगावच्या माळ्यांच्या विहिरीवर घड्याळ नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं होतं. पाळी मोजायला तिथे नत्थुजीचं तोंड होतं.

हसू नका, बाप्पा. तसा कागदच होता. नत्थुजीचा आजा शालिकराम याने डोळे मिटायच्या आधी मळ्याच्या दोन वाटण्या केल्या. पण विहीर एक, मोट एक आणि बैलजोडीही एकच. मग त्याने पाटलाच्या ओट्यावर बसून लिहून ठेवलं, की धाकट्या पातीने, म्हणजे धाकट्या लेकाच्या घराने, सकाळी ओलीत करावं, थोरल्या पातीने संध्याकाळी, आणि दोघांची पाळी एकेका सुपारीची. अख्खी सुपारी अडकित्त्याने दुभंगून दोन्ही गालांत ठेवायची, ती विरेपर्यंत मोट चालवायची. दोन्ही पाळ्यांना थोरल्या पातीच्या कर्त्या माणसाने ती चघळायची, आणि धाकट्या पातीच्या माणसाने शेवटी त्याची जीभ पाहून घ्यायची. जीभ कोरी दिसली की बैल सोडायचे. म्हाताऱ्याची अक्कल कोणी काढू नये. सावली ढगात हरवते, कोंबडा वाटेल तेव्हा आरवतो, पण सुपारी विरल्याशिवाय राहत नाही, एवढं त्याला कळत होतं.

मानमोडीच्या साथीत नत्थुजीचा बाप गेला आणि सुपारी नत्थुजीच्या तोंडात आली. त्याच साथीत त्याची बायको पार्बताबाई नऊ दिवस आडवी पडली होती. वाचली, आणि दहाव्या दिवशी उठली ती बोलतच उठली. तेव्हापासून अठरा वर्षं झाली, तिचं तोंड काही थांबलं नाही, असं वलगावात लोक म्हणत. लोकांचं काय घेऊन बसलात! पार्बताबाईला विचारलं तर ती म्हणे, "मी कुठं बोलते? मी फकस्त सांगते."

तिचा दिवस असा, की पहाटे भाजीची टोपली घेऊन गावच्या बैलगाडीत बसायचं, अमरावतीच्या बाजारात वांगी, मेथी, कोथिंबिरीचा सांभार विकायचा, दुपार कलली की परत यायचं आणि संध्याकाळी नवऱ्याच्या पाळीला मळ्यात उभं राहायचं. नत्थुजी मोट हाकी आणि चघळी. पार्बताबाई वाफ्यांतून पाणी फिरवी आणि बोले. मळ्याच्या पार टोकाला, पेढी नदीच्या उताराकडे, वांग्यांचे बारा वाफे होते. ती जागा पूर्वी नुसती गोट्यांची होती. पार्बताबाईने सून म्हणून आल्यावर चार उन्हाळे एकटीने गोटे वेचून, टोपलीने माती वाहून ते वाफे उभे केले. बाजारातली गिऱ्हाइकं टोपलीत बोट घालून विचारत, "टोकाची हाय का वं, पार्बताबाई?" ती "हाय" म्हणाली की पुढे घासाघीस नसे. त्या बारा वाफ्यांवर तिचा पोटच्या लेकरांइतका जीव होता, आणि तो ती लपवतही नसे.

नत्थुजीचं म्हणाल तर तोंडात सुपारी असली की तो वलगावातला सगळ्यात शहाणा माणूस. कोणता बैल कोणत्या साली कोणाच्या दावणीतून आणला, कोणाच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोणती बाभूळ कोणी तोडली, सगळं खाणाखुणा करून सांगे. तोंड रिकामं झालं की डोकंही रिकामं. डोक्यावरची पगडी घरभर शोधायचा आणि सापडली नाही म्हणून बायकोवर रुसायचा.

एवढं सगळं सुरळीत चाललं होतं. पण सुरळीत चाललेलं माणसाला पाहवतं थोडंच! धाकट्या पातीचा खुशालराव, म्हणजे नत्थुजीचा चुलतभाऊ, मेहुणीच्या लग्नाला अकोल्याला गेला आणि येताना गजराचं घड्याळ घेऊन आला. विहिरीवरच्या निंबाला त्याने ते सुतळीने टांगलं. पहिल्याच सकाळी गजर झाला, बैल उधळले आणि मोट विहिरीत तशीच लोंबकळत राहिली. शहाण्याने तिथेच घड्याळ उतरवलं असतं. खुशालरावाने पाळी मोजायला घेतली.

पंधरा दिवस तो मोजत होता. सोळाव्या दिवशी संध्याकाळी तो बांधावर येऊन उभा राहिला.

"वयनी, सकाळी माह्या पाळीले सुपारी चोवीस मिन्टात खलास होते, अन् संध्याकाळी तुमच्या पाळीले बावन्न मिन्टं पुरते! हे काय गौडबंगाल हाय?"

"मले काय इचारता, भाऊजी?" पार्बताबाई वाफ्यातून मान वर न करता म्हणाली. "सुपारीले इचारा."

"नत्थुदादा, तू सांग."

नत्थुजीची सुपारी केव्हाच विरली होती, आणि तोंडाबरोबर डोकंही रिकामं होतं. "मी तं सारखीच चावतो गा," तो म्हणाला, आणि ते त्याला मनापासून खरं वाटत होतं.

खुशालरावाने स्वतःच्या सुपाऱ्या आणून पाहिल्या. बाळापूरच्या बाजारातून दगडासारख्या टणक आणवल्या. सकाळी चोवीस, फार तर पंचवीस. संध्याकाळी बावन्न. अठरा वर्षं आपल्याला अर्ध्या पाण्यात गुंडाळलं, असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्याची मिरची वाळते ती ह्याच लबाडीने, हे तो गावभर सांगत सुटला.

"मंग तुमी बी घ्या ना बावन्न मिन्टं," पार्बताबाई म्हणाली. "कोनी हात धरला?"

"घेऊ कसे? याची जीभ चोवीस मिन्टात बाहेर येते!" खुशालराव ओरडला. "आता एकच. मले चोवीस, तं सगळ्याइले चोवीस. अन् वयनी, जरा तोंड आवरत जा. तिकडे माह्या घरापोत आयकू येते."

हे शेवटचं तो अठरा वर्षं म्हणत आला होता, त्याचं पार्बताबाईला काही वाटलं नाही. पण चोवीस मिनिटं ऐकताच तिने मान वर करून टोकाच्या वाफ्यांकडे पाहिलं. विहिरीपासून टोकाच्या वाफ्यांपर्यंत पाट इतका लांब होता, की काळ्या मातीच्या भेगा पहिलं पाणी स्वतःच पिऊन टाकत. अर्धी सुपारी होईपर्यंत पाणी टोकाला पोचतच नसे. चोवीस मिनिटं म्हणजे पाट तृप्त आणि वांगी मेली, इतका साधा हिशेब होता. त्या रात्री तिने नवऱ्याला वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

खुशालरावाने अमरावतीच्या मुन्सफ कोर्टात दावा लावला. पार्बताबाईने केशवराव वकील गाठले. केशवराव भला माणूस, पण दावा ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "सुपारी म्हणालात?"

मुन्सफसाहेब नागपूरकडून नवीनच बदलून आले होते. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून तीसेक वर्षं होऊन गेली होती, पण साहेबांना वऱ्हाडी बोली अजून अर्धीच कळे. दुसरा कोणी असता तर त्याने असला दावा फेकून दिला असता. पण साहेबांना पोटाचा विकार होता, आणि डॉक्टरांनी प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायला सांगितलं होतं. साहेब इमानदारीने मोजून चावत. त्यामुळे दुपारची सुट्टी दोनला झाली की कोर्ट पुन्हा चारलाच भरे. चावण्यात किती काय काय असतं हे त्या माणसाला ठाऊक होतं. त्यांनी शालिकरामाचा कागद दोनदा वाचला आणि मान डोलावली.

आधी नत्थुजीची साक्ष झाली. कोर्टात काही खायचं नाही म्हणून चपराशाने दारातच त्याच्याकडून सुपारी काढून घेतली होती. झालं! पिंजऱ्यात उभ्या असलेल्या नत्थुजीला वकिलाने नाव विचारलं, ते त्याने विचार करून सांगितलं. बापाचं नाव विचारलं तेव्हा त्याने डावीकडच्या बैलाचं नाव सांगितलं. वय विचारलं तेव्हा तो रडकुंडीला आला. खुशालराव मागे बसून मांडीवर थापा मारत होता.

मुन्सफसाहेबांनी हात वर केला. "पुरे. कागदात सुपारी आहे, तर कोर्ट सुपारीच पाहील. यांनी इथे, माझ्यासमोर, एक सुपारी चघळावी. जितकी मिनिटं लागतील ती खरी. मग वादी-प्रतिवादी दोघांनाही तेवढीच."

पार्बताबाईचे डोळे चमकले. बावन्न मिनिटं इथे घड्याळावर दिसली की वांग्यांना मरण नाही! पण केशवरावांनी मागे वळून तिला बजावलं, "बाई, काही झालं तरी तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कोर्ट आहे. शब्द काढलात की चपराशी बाहेर काढेल आणि साहेब रुसतील." तिने पदराचं टोक दातांत धरलं आणि घट्ट बसून राहिली.

चपराशाने सुपारी फोडून दिली. साहेबांच्या मेजावर खुशालरावाचं घड्याळ ठेवलं. "शांतता!" असा चपराशाने एवढ्या जोराने हुकूम सोडला, की बाहेर झाडाखाली बसलेले पक्षकारही गप्प झाले. नत्थुजीने फोडी गालांत सारल्या.

अन् माय माय! त्याचा जबडा जो सुटला, तो सुटलाच. कटाकट, कटाकट, कटाकट. घरी तो सुपारी अशी घोळवी की जणू तिला झोप लागावी. इथे तो तिचा भुगा करत होता. कानशिलं वरखाली होत होती, डोळे विस्फारले होते, घाम मानेवरून उतरत होता. दोन मिनिटांतच एक गाल बसायला लागला. पार्बताबाईला पाठीमागून सगळं दिसत होतं. बारा मिनिटांचीही नसेल ही सुपारी, बारा मिनिटांची! तिच्या डोळ्यांपुढे टोकाचे वाफे करपून उभे राहिले. चार उन्हाळे वेचलेले गोटे आठवले. पदर तिने इतका चावला की त्याला भोक पडलं.

आणि तेवढ्यात नत्थुजीच्या ओठांच्या कोपऱ्यातून तांबूस लाळेचा ओघळ निघाला, हनुवटीवर आला आणि पांढऱ्या बंडीवर टपकला.

सगळं सोसवतं हो माणसाला, पण काही गोष्टी सोसवत नाहीत.

"अवो, मानूस हाय का गुऱ्हाळ?" पार्बताबाई ताडकन उभी राहिली. "काल रात्री रिठ्यानं घासघासून धुतली म्या थे बंडी! हात सोलून निघाले! सांगितलं होतं का नाई, सायबापुढे जाचं हाय, तोंड पुसत जा? खांद्यावर उपरनं कायले देल्लं होतं, माशा हाकाले?"

चपराशी धावला. केशवरावांनी कपाळ धरलं. पण मुन्सफसाहेब नत्थुजीकडे पाहत होते. त्याचे खांदे खाली आले होते. डोळे अर्धे मिटले होते. जबडा सावकाश, गोल, रवंथ करणाऱ्या गाईसारखा फिरत होता.

"थांबा," साहेब चपराशाला म्हणाले. "बाई, गप्प बसा."

ती गप्प बसली. कटाकट, कटाकट.

"बाई, बोला."

"आता काय बोलू? बोलाची चोरी, न बोलाची बी चोरी! पन बंडी तं गेली ना?"

जबडा पुन्हा मंद झाला. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी केशवरावांना बोलायला सांगितलं. केशवरावांनी घसा साफ करून कायद्याचं एक कलम म्हटलं, तर नत्थुजीच्या दातांतून ठिणग्या उडतील की काय असं झालं. चपराशाला बोलायला लावलं, त्याने घाबरून राजाचा जयजयकार केला. त्यानेही काही फरक पडेना. खुशालरावाच्या वकिलाने हरकत घेतली, की साक्षीदाराच्या जबड्यावर बाहेरून दबाव येत आहे. साहेब म्हणाले, "दबाव येत नाही, जातो आहे. पाहा ना त्याच्याकडे. बाई, तुम्ही चालू द्या."

मग पार्बताबाईने जे चालू दिलं, ते अमरावतीच्या कोर्टाने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बंडीवरून ती पोळ्याला न रंगवलेल्या शिंगांवर आली. तिथून भावाच्या लग्नात हा माणूस ऐन अक्षतांच्या वेळी मांडवात घोरत होता तिथे गेली. रिद्धपूरच्या जत्रेत तिला सोडून तो दुसऱ्याच बाईमागे कोसभर चालत गेला होता, लुगडं सारखं होतं म्हणून! "अन् थे बाई बी भल्ली! मागं वळून पाह्यलं नाई का कोन भैताड येऊन राह्यला!" साहेबांनी खिशातून लवंग काढून तोंडात टाकली आणि तीही ते सावकाश चघळू लागले. बाहेरचे पक्षकार खिडकीला लागले. दुसऱ्या दाव्याचे दोन भांडखोर भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ऐकत होते.

शेवटी नत्थुजीने तोंड उघडलं आणि लांबलचक जीभ काढून मुन्सफसाहेबांना दाखवली. चपराशाने किंकाळी फोडली, पण केशवराव घाईघाईने म्हणाले, "हुजूर, हा अपमान नाही, हा पुरावा आहे!" साहेबांनी वाकून जीभ नीट पाहिली. कोरी होती. घड्याळात एक्कावन्न मिनिटं झाली होती.

एवढंच नव्हे. सुपारीची चव जिभेवरून जायच्या आत नत्थुजीने बापाचं नाव, आजाचं नाव, स्वतःचं वय आणि मळ्याच्या चारही बाजूंच्या धुऱ्यांची नावं न विचारता धडाधड सांगून टाकली.

परतताना गाडीत पार्बताबाई जिंकल्यासारखी बसली होती. पण टाकळीच्या चढावर बैलांचा वेग कमी झाला, आणि तिच्या मनात एक विचार आला तो काही जाईना. ती सकाळी बाजारात असते. म्हणजे खुशालरावाच्या पाळीला विहिरीवर शांतता असते. त्याची बायको मैनाबाई तर भिंतीशीही बोलत नाही. म्हणजे अठरा वर्षं त्याला अर्धं पाणी मिळालं हे खरंच होतं. लबाडी कोणाचीच नव्हती, पण त्याची मिरची वाळत होती ती पार्बताबाईच्या तोंडावाचून. तिला खुशालरावाचा राग यायला हवा होता, तो येईना, आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

आठ दिवसांनी निकाल लागला. शाळामास्तरांनी तो विहिरीवर वाचून दाखवला. साहेबांनी लिहिलं होतं, की कागद सुपारीचा आहे, तो मिनिटांचा करायचा कोर्टाला अधिकार नाही. पण दोन सुपाऱ्या सारख्या व्हायच्या तर दोन्ही सारख्या परिस्थितीत चघळल्या गेल्या पाहिजेत. सबब प्रतिवादीच्या पत्नीने दोन्ही पाळ्यांना विहिरीवर हजर राहून नेहमीच्या आवाजात बोलावं. आणि लबाडीला जागा नको म्हणून सकाळच्या पाळीला जितका वेळ लागेल, तितकाच संध्याकाळी धरावा, त्याला खुशालरावाचं घड्याळ साक्ष.

"म्हंजे सकाळी चोवीस झाले, तं संध्याकाळी बी चोवीस?" पार्बताबाईने विचारलं.

"तसंच लिहिलंय," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिची टोपली मैनाबाईने डोक्यावर घेतली आणि ती बाजाराच्या गाडीत जाऊन बसली. मुकी बाई भाजी काय विकणार, कोण जाणे! पार्बताबाई विहिरीवर आली. निंबाखालच्या दगडावर नत्थुजी बसला होता. खुशालराव बैलांच्या कासऱ्याला हात लावून उभा होता, आणि निकालाची गंमत पाहायला अर्धं वलगाव बांधावर जमलं होतं. सुपारी फुटली, फोडी गालांत गेल्या, मोट खाली उतरली.

पार्बताबाईने तोंड उघडलं, आणि तिला काहीच सुचेना.

अठरा वर्षं कोणी न सांगता जे आपोआप येत होतं, ते सरकारी हुकुमाने येईना. काय बोलावं? बंडी स्वच्छ होती, तिनेच धुतली होती. पगडी डोक्यावर होती. "आज... ऊन हाय," ती म्हणाली. बांधावर कोणीतरी हसलं. तिची कानशिलं तापली.

कटाकट, कटाकट. नत्थुजीचा जबडा सुटला.

घड्याळात सात मिनिटं झाली. विहिरीच्या तोंडाशी थारोळ्याच्या कुंडात पाणी पडत होतं, खुशालरावाच्या पहिल्या वाफ्यापर्यंत आलं होतं. दहा मिनिटं झाली, एक गाल बसला. संध्याकाळचं पाणी इथेच, या क्षणाला विरत होतं. बारा वाफे विरत होते. पार्बताबाईने पुन्हा तोंड उघडलं, मिटलं. खुशालरावाने मोट सोडून दिली आणि तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"वयनी," तो म्हणाला, "बोला ना काई तरी. हात जोडतो तुमाले. मले शिव्या द्या. माह्या बापाले द्या. पन बोला!"

"सुचत नाई, भाऊजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज रडवेला झाला. "देवाशप्पत सुचत नाई."

तेव्हा नत्थुजीने अठरा वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली. उरलेली फोड त्याने जिभेने गालात सरकवली आणि पाळी चालू असताना तो बोलला.

"अवं, काईबी बोल. तू गप रायली का मले थे नऊ दिवस आठवते."

"कोनते नऊ दिवस?"

"मानमोडीचे. बापाले जाळून आलो होतो, अन् तू आडवी पडलेली. तोंडाशी कान नेला तरी आयकू येत नव्हतं. पन पाळी चुकवता येत नव्हती, तं पयली सुपारी तोंडात घेतली अन् इथं येऊन बसलो. कराकरा चावली, अन् घराकडे धावत गेलो, तू हाय का गेली पाह्याले." त्याने बंडीच्या बाहीने तोंड पुसलं. "तवापासून तुहा आवाज नसला का दात आवरतच नाई. मले बी त्या कोर्टातच समजलं. तू बोलून राह्यली म्हंजे तू हाय. मंग कायची घाई?"

बांधावर कोणी हसलं नाही. पार्बताबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिने पदराने नाक पुसलं, तर बोट पदराच्या भोकातून आरपार गेलं. ते भोक तिने पाहिलं, आणि आतून जे उसळलं ते मग तिच्या बापालाही थांबवता आलं नसतं.

"अठरा वर्सं!" ती कडाडली. "अठरा वर्सं हे मनात दाबून बसले, अन् मले एका शब्दानं नाई सांगितलं? मी काय परकी होती? रात्री घोरता तवा बरं तोंड उघडते! अन् तुमी, भाऊजी! तुमी काय पाहून राह्यले, मोट कोन हाकन, तुमचं घड्याळ? चार पावलं चालून कधी इचारलं असतं, का दादा काहून एवढा घाबरते, तं कोर्टात जा लागलं असतं काय? जीभ पाहता रोज उठून, मानसाचं तोंड कधी पाह्यलं का?"

खुशालराव धावत बैलांकडे गेला. नत्थुजीचे डोळे अर्धे मिटले. जबडा सावकाश फिरू लागला, आणि पाणी दुसऱ्या वाफ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात शिरलं. ती बोलत राहिली. मानमोडीपासून सुरुवात केली होती, ती साल धरून पुढे आली. लोक उन्हाने कंटाळून उठून गेले. ऊन निंबाच्या बुंध्यापर्यंत आलं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच खुशालरावाच्या मिरचीच्या शेवटच्या वाफ्यात पाणी शिरलं, आणि तो वाकून ते नुसता पाहत राहिला.

मग तो जीभ पाहायला दगडापाशी आला. नत्थुजीचे दोन्ही गाल बसलेले होते. सुपारी केव्हाच विरली होती, आणि तो रिकामंच तोंड हलवत, बायकोकडे बघत बसला होता. खुशालरावाने जीभ मागितली नाही. त्याने निंबावरचं घड्याळ सुतळीवर फिरवून बुंध्याकडे तोंड करून ठेवलं, आणि परत जाऊन बैल हाकायला लागला.